सुजयला काय झालं होतं

कृष्णराव लांजेवारांच्या घरात ताटात काही टाकायची सोय नव्हती. कृष्णराव तुमसरकडच्या एका खेड्यातून भिलाईला आले, स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क झाले, प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळालं, पण लहानपणी रिकाम्या पोटी काढलेल्या रात्री काही त्यांच्यातून गेल्या नाहीत. वाढलेलं संपवायचं आणि मगच उठायचं, एवढं ते मुलांना सांगत. इतर बाबतीत माणूस मवाळ होता. पगार झाला की सिव्हिक सेंटरला नेऊन मुलांना चाट खाऊ घालायचा, शाळेच्या वह्यांना स्वतः खाकी कव्हरं घालायचा. जेवणाच्या वेळी मात्र त्यांच्या मांडीशी ऑफिसातली लोखंडी पट्टी असे.

ती पट्टी सुजयसाठी होती.

सुजय थोरला. धाकटी नूतन त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. सुजयच्या छातीत घास अडायचा. वरणभात जायचा, पोळी अडायची, मटण असलं तर हमखास अडायचं. तो एकेक तुकडा चावून चावून त्याचा चोथा करी, वर पाणी पिई, छातीवर मूठ दाबून धरी आणि डोळे मोठे करून थांबून राही. कधी घास खाली उतरे, कधी तो उठून न्हाणीकडे पळे. तो परत आला की ताट तिथंच असे आणि कृष्णरावही तिथंच असत.

"बाकीच्या लेकरायच्या गळ्यातून जाते, तुह्याच गळ्यातून कावून नाही जात?" ते विचारत.

बाकीच्यांच्या गळ्यातून कसं जातं हे सुजयला तरी कुठे माहीत होतं? पट्टी पोटरीवर बसे. कृष्णराव कामावर गेले की त्यांची बायको अंजनाबाई भातात दूध घालून, हातानं पार मऊ करून पोराला भरवी. तिनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, झाडफूक करणाऱ्या एका बैगाकडून गळ्यात ताईत आणून बांधला, डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिलं, टॉन्सिल ठीक आहेत म्हणाला आणि भुकेचं टॉनिक लिहून दिलं. त्या टॉनिकनं सुजयची भूक वाढली. खाणं होतं तेवढंच राहिलं.

नूतन सहावीत असताना एका दुपारी तिच्याही छातीत पोळीचा तुकडा अडला. श्वास चालू होता, पण मधोमध कोणी बोटानं दाबून धरावं तसं झालं. त्या क्षणी तिला गुदमरायची भीती वाटली नाही. तिनं आधी बाबांच्या मांडीकडे पाहिलं. मग खाली मान घालून, ओठ मिटून, ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं तुकडा आपोआप उतरला. कोणाला काही कळलं नाही आणि कळू द्यायचं नाही हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

मुलीला ते जमलंही. आईला वाढू लागते म्हणून ती सगळ्यांच्या नंतर बसू लागली. मागून, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या बाईकडे कोण बघतं? पोळी वरणात बुडवून ठेवायची, भाजी बोटांनी कुस्करायची, घासागणिक पाणी प्यायचं. पुढे तिचं लग्न झालं. नवरा आनंद रेल्वेत, दुर्ग लाइनवर मालगाडीचा गार्ड. सासरी तर तिचं कौतुकच झालं. सून शेवटी बसते, थोडंसं खाते, खाण्याची हाव म्हणून नाही, असं सासू शेजारणींना सांगायची. नूतन ऐकून घ्यायची.

सुजयला असा आडोसा मिळाला नाही. पुरुषाला पंगतीत बसावं लागतं, सासुरवाडीला आग्रह सोसावा लागतो, कँटीनमध्ये चार जणांसमोर डबा उघडावा लागतो. तो दुर्गजवळ रसमड्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. हात चांगला होता, बोलणं गोड होतं. सीमाशी लग्न झालं, मुलगी झाली, समृद्धी. मग हळूहळू तो पिऊ लागला. नूतननं त्याला एकदा राखीच्या दिवशी विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "पिणाऱ्याले कोणी जेवला का म्हणून विचारत नाही, नूतन. पेग हातात असला का लोक ताट विसरते."

त्या दिवशी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, की दादा, मलाही होतं तसंच. पण तेवढ्यात आनंद आत आला आणि बोलणं राहून गेलं.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखान्यात भंडारा होता. पुरी, आलूची भाजी, बुंदी. मशीनला हार घातलेले, कामगार रांगेनं बसलेले. सुजयच्या छातीत पुरी अडली. शेजारच्यांनी पाठीत थापा मारल्या, पाणी पाजलं, ते पाणीही परत आलं. तो मागं जाऊन घशात बोटं घालून ओकारी काढू लागला. पुन्हा पुन्हा, जोर लावून. आणि एकाएकी छाती धरून खाली बसला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा तोंडाला सकाळच्या दारूचा वास होता. गॅस झाला म्हणून इंजेक्शन दिलं आणि झोपवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अंगात ताप फणफणला, श्वास लागला. मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर कळलं, की ओकारीच्या जोरानं अन्ननलिका फाटली होती आणि छातीत पू झाला होता. तो वाचला नाही. वय पस्तिशीच्या आत.

घरी आणि गल्लीत एकच बोललं गेलं. प्यायला होता, हावरटासारखं गिळलं, अडकलं. कृष्णराव स्मशानातून आले, आंघोळ करून खाटेवर बसले आणि म्हणाले, "मले माहीत होतं, हा असाच जाईन." रडले नाहीत. सीमा लहानग्या समृद्धीला घेऊन भिलाईतच कोहक्याला भावाकडे राहायला गेली. भावाला सगळे भैय्याजी म्हणत. त्यानं बहिणीला आणि भाचीला आधार दिला आणि लांजेवारांशी येणंजाणं बंद केलं. त्यात त्याचं काही चुकलं असं नूतनला कधी वाटलं नाही.

पुढे अंजनाबाई गेल्या. कृष्णराव नूतनकडे हुडको कॉलनीत राहायला आले. ऐंशी उलटलेला माणूस, पण जेवण तेच. ताट बोटानं निपटून चकचकीत करायचं, मग त्यातच हात धुवायचा. नूतनचा मुलगा कौस्तुभ नोकरीला पुण्यात होता. आनंद ड्यूटीवर असला की दुपारी घरात ही दोघंच. वडील आधी जेवत, ती नंतर, आतल्या खोलीत.

अशाच एका दुपारी सोयाबीनच्या वडीचा तुकडा तिच्या छातीत अडला, तो गेलाच नाही. पाणी प्यायली तर पाणी परत आलं. थुंकीसुद्धा उतरेना. ती संध्याकाळपर्यंत बेसिनपाशी उभी राहून थुंकत होती आणि तिला राहून राहून सुजयची मागं जाऊन बसलेली आकृती दिसत होती, जी तिनं प्रत्यक्ष कधी पाहिलीच नव्हती. आनंद आला, तिचं तोंड पाहून घाबरला आणि गाडी करून सरळ रायपूरला घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर बाई मूळच्या गोंदियाच्या निघाल्या. डॉक्टर संघमित्रा. त्यांनी दुर्बिणीनं तुकडा बाहेर काढला आणि अन्ननलिकेचे चिमटीएवढे नमुने तपासायला पाठवले. निकाल आला त्या दिवशी त्यांनी नूतनला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. अन्ननलिका आतून गुळगुळीत असायला हवी, नूतनची आतून कडीवर कडी लावल्यासारखी झाली होती. ॲलर्जीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, इओसिनोफिल म्हणतात त्यांना. शरीर काही अन्नालाच शत्रू समजतं आणि त्या पेशी अन्ननलिकेत ठाण मांडून बसतात. वर्षानुवर्षं सूज राहते, नळी आकसत जाते. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस असं त्याचं नाव.

नूतनला ते नाव म्हणता आलं नाही. तिनं विचारलं, किती दिवसांपासून असेल?

"तुम्हीच सांगा," डॉक्टर बाई म्हणाल्या.

सहावीपासून, असं तिनं सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेला आनंद तिच्याकडे वळून पाहतच राहिला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला हे माहीत नव्हतं.

घरात आणखी कोणाला असं होतं का, या प्रश्नावर तिनं सुजयची सगळी हकीकत सांगितली. पट्टीसकट. सगळं ऐकून डॉक्टर बाई म्हणाल्या, "तोच आजार असेल असं मला वाटतं. पण आता ते कोणालाच खात्रीनं सांगता येणार नाही."

"म्याडम, किती लोकांले असते हे?"

"बाहेरच्या देशात मोजलंय त्यांनी. हजार-दोन हजारांत एखाद्याला सापडतो. आपल्याकडे कोणी नीट मोजलंच नाही. दुर्बीण घालतात, वरवर ठीक दिसलं की ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवतात. नळीचा तुकडा काढून तपासला तरच हा दिसतो. तपासत नाहीत म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपल्याकडे हा नसतोच असं म्हणतात. मी इथं आल्यापासून मला तुमच्यासकट चार जण सापडले."

"अन् भिलाईत?"

"तिकडचा हिशोब इथं लागू होतो की नाही, तेही माहीत नाही. झालाच तर भिलाई-दुर्ग मिळून काहीशे माणसं निघतील."

काहीशे. परतताना कुम्हारीच्या पुलापाशी गाडी रेंगाळली आणि नूतन बाहेरच्या ढाब्यावर जेवणाऱ्या लोकांकडे बघत राहिली. कोणी घासावर पाणी पीत होतं, कोणी चावतच बसलं होतं. त्यातला कोण? आपण एकट्याच वेडसर आहोत असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. आता शेकडो आहेत म्हटल्यावर धीर यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांसमोर शेकडो स्वयंपाकघरं आली, भिंतीकडे तोंड केलेली, आणि शेकडो पोरं, ताटापुढे बसवलेली.

डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, की हे घराण्यात चालतं, रक्ताच्या नात्यात कोणाला त्रास असेल तर दाखवा. कौस्तुभला फोनवर विचारलं, तो म्हणाला त्याला काही नाही, आणि ते खरं होतं. तो लहानपणापासून वाऱ्यासारखा जेवायचा. उरली समृद्धी. नूतन रिपोर्ट घेऊन कोहक्याला गेली. सीमानं दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं. नूतननं शक्य तेवढ्या हळुवारपणे सगळं सांगितलं. सुजयदादा दारूनं गेला नाही वहिनी, त्याला हा आजार असावा, समृद्धीला एकदा दाखवून घेऊ, मी सोबत येते.

सीमानं रिपोर्टाला हात लावला नाही.

"तुमच्या घरानं त्यायले बेवडा म्हणून जाळलं," ती म्हणाली. "मी ऐकून घेतलं. मलेबी तसंच वाटलं. इतकी वर्षं पोरीले मीच सांगत आली का तुह्या बापाले दारूनं खाल्लं. अन् आता तुम्ही म्हणून राहिले का बीमारी होती. समृद्धीचं जमून राहिलं ताई. मुलाकडच्यायनं होकार देला. आता दुर्बिणीचं नाव काढाल तर मोडून जाईन सारं. माह्या पोरीले तरी सोडा."

आतून समृद्धी चहा घेऊन आली. सुजयसारखेच डोळे, रुंद कपाळ. तिनं दाराआडून सगळं ऐकलं असावं. "बुआ, मैं बिल्कुल ठीक हूँ," ती हसून म्हणाली. "माझी फिकर नका करू." सुजयही लहानपणी असाच हसायचा. नूतननं चहा घेतला आणि निघाली.

मग वडिलांचं राहिलं. सांगावं की नाही, यावर ती बरेच दिवस अडली. आनंद म्हणाला, या वयात कशाला. पण मेलेल्या भावाच्या नावावरचा डाग निदान एका माणसाच्या मनातून पुसला जावा, असं तिला वाटत होतं. सीमाच्या घरून हात हलवत परतल्यावर तर ते फारच वाटू लागलं. एका दुपारी कृष्णरावांचं जेवण झालं, ते ताट निपटत होते, तेव्हा ती समोर बसली.

"बाबा, सुजयदादा नखरे नव्हता करत."

त्यांनी वर पाहिलं. तिनं सांगितलं. डॉक्टर बाईंनी काढलेलं चित्र दाखवलं. कृष्णरावांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. त्यांना समजायला अडचण आली नाही, आयुष्यभर कागद वाचणारा माणूस होता.

"म्हणजे पोराच्या गळ्यातून जातच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं जात."

"अन् तुह्या?"

"माह्याबी नाही, बाबा. सहावीपासून."

"तू कावून नाही सांगितलं?"

या प्रश्नाची तिनं तयारी केली नव्हती. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण इतक्या वर्षांनी तोंडून खरंच निघालं. "पट्टी दिसत होती मले."

ताट समोर तसंच राहिलं. नेहमीसारखा त्यात हात न धुता कृष्णराव उठले, मोरीपर्यंत चालत गेले आणि नळाखाली हात धरून उभे राहिले. नूतननं जाऊन नळ बंद केला.

त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. आधी एक पोळी कमी झाली, मग दोन. मग ते ताटापुढे बसून राहू लागले. कालवलेला भात गार होई. "जात नाही," ते म्हणत. नूतन घाबरली, त्यांना रायपूरला नेलं. डॉक्टर संघमित्रांनी तपासलं, दुर्बीणही घातली. नळी स्वच्छ होती, वयाच्या मानानं उत्तम. औषध द्यावं असं तिथं काही नव्हतं. घरी आणल्यावर नूतननं भातात दूध घालून, मऊ करून, आई सुजयला भरवी तसं वडिलांना भरवून पाहिलं. दोन घास घेतले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"किती वेळ बसवून ठेवत होतो मी त्याले?"

तिला सगळं आठवत होतं. उन्हं भिंतीवरून खाली उतरत, समोरच्या मैदानात पोरं खेळायला येत, तरी सुजय ताटापुढेच असे.

"मले नाही आठवत, बाबा," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं खोटं सांगितलं हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे तिलाही. थंडी सुरू झाली तेव्हा ते अंथरुणाला लागले आणि संक्रांतीच्या आत गेले. लोक म्हणाले, पिकलं पान, सुखानं गेले. आनंदनं कधी तोंडानं म्हटलं नाही, पण नूतन स्वतःलाच म्हणत राहिली, की त्या माणसाजवळ शेवटी एक समाधान उरलं होतं, आपण मुलांना शिस्त लावली एवढं, आणि तेही मी काढून घेतलं. सुजयला त्यातून काय मिळालं?

तिचं स्वतःचं औषध चालू होतं. सूज उतरवणारं दम्याचंच औषध कुपीतून काढून मधात कालवून हळूहळू चाटायचं, वर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. दूध बंद. डॉक्टर बाईंनी फुगा घालून नळी थोडी रुंदही केली. पोळी जाऊ लागली, मटण नाही. इतक्या वर्षांचं आकसलेलं सगळं परत येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग डॉक्टर संघमित्रा हैदराबादला निघून गेल्या. त्यांच्या मनात होतं, की घास अडतो म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचा नमुना तपासायचा, या भागात किती जण आहेत ते एकदा बघायचं. ते राहिलंच. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरनं नूतनचा रिपोर्ट चाळला आणि म्हणाला, ये बीमारी अपने यहाँ होती नहीं, आपको एसिडिटी है. ती जुन्या चिठ्ठीवर औषध आणत राहिली. दुकानदार प्रत्येक वेळी विचारी, दमा किसको है?

फाल्गुनात समृद्धीचं लग्न कोहक्यालाच झालं. पत्रिका आली, ते नूतनला अनपेक्षित होतं. बहुधा समृद्धीनंच आईकडे हट्ट धरला असावा. मांडवात सीमा तिला भेटली, हळदीकुंकू लावलं आणि लगेच पुढच्या बाईकडे वळली. पंगत बसली. नवरा-नवरीचं ताट रांगोळीनं सजवलेलं, भोवती बायका गोळा झालेल्या. घास भरवा, नाव घ्या, म्हणून गलका चालला होता.

मुलानं नाव घेतलं आणि पुरणपोळीचा मोठा घास समृद्धीच्या तोंडात घातला. बायका हसल्या. समृद्धी चावत राहिली. खाली मान, गालावर हसू. बराच वेळ चावत राहिली. मग तिनं ग्लास उचलला, पाणी प्यायली, थांबली, पुन्हा एक घोट घेतला.

"लाजते बाई," कोणीतरी म्हणालं. "नवरी कुठं पोटभर जेवते."

ते खरंच होतं. कुठली नवरी जेवते? पंगतीत खांबाला टेकून बसलेली नूतन समृद्धीच्या गळ्याकडे बघत होती. हार जड होते, पदर चापून बसवलेला होता, काही दिसत नव्हतं. मुलानं दुसरा घास पुढे केला. समृद्धीनं मान वर केली तेव्हा गर्दीतून तिची नजर आत्याच्या नजरेला भिडली आणि तिनं ती लगेच वळवली. तीही लाज असेल. नूतनला ठरवता येईना. वाढपी तिच्यापुढे येऊन पोळी वाढू का म्हणून विचारत होता, आणि ती त्याला नको म्हणायचंही विसरून गेली होती.